कानापर्यंत जाणारा हात

अर्लीन मावशीला बसवत नाही. हे आधीच सांगते, कारण तिचं सगळं शिकवणं बसून करायचं होतं.

घरामागे पिकानच्या झाडाखाली झाकणाची प्लास्टिकची बादली. आत चेंडू, झाकणावर मावशी. समोर त्रेचाळीस फुटांवर मातीत ठोकलेली रबराची पट्टी, आणि पट्टीवर एखादी मुलगी. मुलीने हात पूर्ण गोल फिरवून कमरेखालून चेंडू फेकायचा, मावशीने झेलायचा. निटा क्रीकमध्ये सॉफ्टबॉलची पिचर अशीच तयार होते. बहुतेक घरांत बादलीवर बाप बसतो. आमच्या गावातल्या निम्म्या मुलींसाठी अर्लीन इम्पसन बसली. बसली म्हणजे, दोन चेंडू बसली. तिसऱ्याला ती उठायची, मुलीकडे चालत जायची, तिचा हात धरून फिरवायची, परत यायची, बादली पायाने सरकवायची, बसायची, उठायची. मी बारा वर्षांची असताना तिने मला हाक मारली. "रेना, तुला बॅट धरता येत नाही, निदान बसता तरी येतं ना? ये, कॅचर हो." तेव्हापासून झेलायला मी, आणि मावशीची बादली बाजूला.

ती शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं होती. आम्हा सगळ्यांना तिने वाढलंय. चर्चमध्ये आमच्या चॉक्टॉ जमातीच्या भाषेतली भजनं सुरू असताना ती मागच्या भिंतीला टेकून उभी असते, बाकावर नाही. नवऱ्याच्या मयतीत ती खुर्च्या लावत होती. लोक म्हणाले, अगं बस. ती म्हणाली, "बसले तर उठणार नाही." शिकवण्याबद्दल तिने कुणाकडून काही घेतलं नाही. कुणी हरणाचं मांस आणून द्यायचं, कुणी टोमॅटो, कुणाचा भाऊ येऊन गवत कापून जायचा.

तिचं शिकवणं दोन शब्दांत मावायचं. फोन उचल.

हात वरून खाली आला, मांडीजवळ चेंडू सुटला, की मनगट झटकायचं आणि हात तसाच ओढून वर न्यायचा, कानापर्यंत. कोपर सरळ कॅचरकडे. "फोन वाजतोय, उचल," मावशी ओरडायची. हात वर गेला नाही तर, "कुणीतरी तुझ्याशी बोलायला तडफडतंय आणि तू ऐकतच नाहीस." तीन काऊंटींमध्ये आमच्या पिचर लांबून ओळखू यायच्या. समोरच्या संघाचे लोक कुंपणाजवळून विचारायचे, "ए निटा क्रीक, कुणाचा फोन होता?" आमच्या बाजूने कुणीतरी सांगायचं, "तुझ्या बायकोचा. घरी बोलावलंय."

आम्ही खूप सामने जिंकलो. हेही सांगायला हवं.

मी चार वर्षं शिकायला बाहेर होते, साहित्य हा विषय घेऊन. मेमध्ये परत आले. तोवर मावशीची नात टेनली चौदा वर्षांची झाली होती. तिची आई टल्सा शहरात काम करते, शनिवारी येते. टेनली आजीजवळच वाढली. उंच, खांदे पुढे आलेले, कमी बोलणारी. आणि मावशीने शिकवलेल्या सगळ्यांत जोरात फेकणारी. सप्टेंबरच्या सुरुवातीला, लेबर डेच्या मेळ्यात आमच्या लोकांच्या सॉफ्टबॉल स्पर्धा असतात. गावोगावचे संघ येतात. मावशीचा भाचा ड्वेन मुलींचा संघ चालवतो. एरवी तो शाळेची बस चालवतो. दोन्ही सारख्याच आवाजात चालवतो. या वर्षी त्याने सगळं टेनलीवर ठेवलं होतं. दुसरी पिचर होती, पण तिचा चेंडू पोचेस्तोवर बॅटरला शिंकून घेता यायचं.

जूनमध्ये टेनली एका विद्यापीठाच्या दोन दिवसांच्या शिबिराला गेली. परत आली ती आणखीच गप्प.

त्या आठवड्यात मी घरामागे तिच्यासाठी झेलत होते. मावशी शेगडीवरचा घेवडा बघायला आत गेली.

"रेना, एक घे," टेनली हळूच म्हणाली. "वेगळा आहे."

तिने फेकला. हात वर गेला नाही. कोपर बरगडीला घासून गेलं, पंजा आतल्या बाजूला वळला आणि हात पोटासमोरून सैल निघून गेला, ओला हात झटकावा तसा. चेंडू माझ्या मिटमध्ये, झेलायच्या हातमोज्यात, आदळला. तो आवाज मला इतकी वर्षं माहीत आहे. हा वेगळा होता. माझा अंगठा सुन्न झाला.

"अजून एक," मी म्हणाले.

पुढचा माझ्या डोक्यावरून गेला आणि गॅसच्या टाकीवर आदळला. घंटेसारखा आवाज झाला. मावशी हातात चमचा घेऊन दारात आली.

"टाकीला कोण मारतंय? घर उडवायचंय का?"

"हातातून निसटला, पोकनी," टेनली म्हणाली. पोकनी म्हणजे आजी. मावशी आत गेल्यावर ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तिला सांगू नकोस."

सांगावं लागलं नाही. मावशीला चार दिवसांत कळलं. टेनली एकटी कोठाराच्या भिंतीवर चेंडू मारत होती आणि मावशी कोपऱ्यावर उभी होती. किती वेळ, कुणास ठाऊक. जेवताना तिने विषय काढला. मी होते तिथे.

"हे कुठलं नवीन?"

टेनलीने मक्याच्या पावाचा तुकडा मोडला. "शिबिरात सांगितलं."

"कोणी?"

"एक बाई होत्या. त्यांनी मला सगळ्यांसमोर फेकायला लावलं. मग म्हणाल्या, हे तुला कुणी शिकवलं."

"मग तू काय सांगितलंस?"

"काही नाही."

"माझं नाव सांगायची लाज वाटली?"

"पोकनी, त्या हसत होत्या. मी कसं सांगू?"

मावशी उठली. पाण्याचा जग भरलेला होता, तो तिने पुन्हा भरला. "मी या मेळ्यात अकरा वर्षं पिचिंग केलं. पुरुषांनासुद्धा बाद केलंय. हसू दे त्यांना."

"त्या म्हणाल्या, हात आत वळू द्यायचा. वर ओढायचा नाही. ओढला की सगळा जोर खांद्यावर येतो."

"फोन उचलायचा," मावशी म्हणाली.

"आता कुणी फोन कानाला लावतच नाही," टेनली म्हणाली.

मला हसू आलं. मावशीला नाही आलं.

टेनली पुन्हा जुनं फेकू लागली. जुलै तसाच गेला. पारा शंभराच्या वर, झाडांवर किड्यांची किरकिर, मातीला भेगा. मावशी बादलीवरून उठायची, बसायची. आता ती हात धरून फिरवत नव्हती, फक्त ओरडायची. एकदा मी पाणी प्यायला आत गेले तेव्हा टेनली न्हाणीघरात दंडाला गोठलेल्या वाटाण्यांची पिशवी धरून उभी होती. पाणी जोरात सोडलं होतं, बाहेर काही ऐकू जाऊ नये म्हणून.

"किती दिवस?" मी विचारलं.

"थोडे."

"सांग तिला."

"सांगितलं तर तिला वाटेल मी त्या बाईंचं ऐकतेय."

मीही सांगितलं नाही. हे आता लिहिताना मला नीट बसवत नाही.

माझं काम तेव्हा गावच्या समाजमंदिरात होतं. जुन्या मेळ्यांच्या व्हिडिओ कॅसेटी कपाटात कुजत होत्या, त्या संगणकावर उतरवायच्या. नाच, भजनं, भाषणं, डुकराचं मांस शिजवणारे काका, कॅमेऱ्यासमोरून पळणारी पोरं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात एक कॅसेट लावली. १९८४. बायकांचा अंतिम सामना. पट्टीवर सव्वीस वर्षांची अर्लीन इम्पसन.

मी तिला लगेच ओळखलं. दोन चेंडूंच्या मध्ये ती स्थिर उभी राहत नव्हती.

कॅमेरा कडेला होता, त्यामुळे हात स्पष्ट दिसत होता. तिने फेकला. बॅटर हलायच्या आत चेंडू गेला. मी मागे नेऊन परत बघितलं. मग एकेक चित्र पुढे सरकवलं. हात खाली येतो. कोपर बरगडीला घासतं. पंजा आत वळतो. चेंडू सुटतो. हात पोटासमोरून सैल जातो. चेंडू अर्ध्या वाटेवर आहे. आणि मग, सगळं झाल्यावर, तो हात वर येतो आणि कानापाशी थांबतो.

मी तिचे बेचाळीस चेंडू बघितले. एकातही तिने फोन उचलून चेंडू फेकला नव्हता. चेंडू फेकून ती फोन उचलत होती.

मी खुर्चीत बसून राहिले. बाहेर कुणीतरी गवत कापत होतं. चार वर्षं मी पुस्तकांत हेच शोधत होते, माणूस काय करतो आणि काय केलं म्हणून सांगतो. समोर तेच होतं. तिने फोन उचलायला शिकवलेल्या तीस-पस्तीस मुली. त्यातल्या एकीचा चेंडू मी पाच वर्षं झेलला होता, शॉनाचा. एकोणिसाव्या वर्षी तिच्या खांद्याची शस्त्रक्रिया झाली आणि खेळ संपला.

दाखवू की नको, यात तीन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी टेनली जेवताना डाव्या हाताने खात होती. मी दाखवायचं ठरवलं.

मावशीने उभं राहूनच बघितलं. पहिल्यांदा ती कपड्यांना हसली. "ती चड्डी बघ. देवा." दुसऱ्यांदा ती पडद्याजवळ सरकली. तिसऱ्यांदा मी चित्र थांबवत थांबवत नेलं. चौथ्यांदा तिने स्वतः बटण दाबलं. पाचव्यांदा तिचा उजवा हात मांडीशी आपोआप हलत होता.

"हे तू काही बदललं नाहीस ना?"

"नाही, मावशी."

ती बाहेर गेली. समाजमंदिराच्या मागच्या पटांगणात तिने रिकाम्या हाताने फेकून बघितलं. एकदा, दोनदा, दहादा. सहासष्ट वर्षांची बाई, चपला घातलेली, भर उन्हात. थांबली की मनगटाकडे बघायची. मग परत.

"मला कुणी शिकवलंच नव्हतं," ती शेवटी म्हणाली. "विल्बर्न मामा फेकायचा. मी बघायची. मग मी फेकायची. शब्दच नव्हते. पहिली पोरगी शिकायला आली, ती म्हणाली, मावशी, कसं करतेस? मी विचार केला. हात कुठे असतो? तर कानापाशी. ते मला जाणवायचं. बाकीचं जाणवण्याइतका वेळच नसतो."

ती पुन्हा मनगटाकडे बघायला लागली.

"शॉना," ती म्हणाली.

आम्ही त्याच दुपारी गेलो. मावशी गाडी चालवते तेव्हा स्टिअरिंगवर बोटं वाजवत असते. त्या दिवशी वाजवत नव्हती. शॉना शेजारच्या गावात दवाखान्याच्या खिडकीत नावं लिहून घेते. तिने आम्हाला बघितलं आणि कुणालातरी आपल्या जागी बसवून बाहेर आली.

"कोण आजारी आहे?"

"कुणी नाही," मावशी म्हणाली. "मी तुला चुकीचं शिकवलं."

शॉना माझ्याकडे बघायला लागली. मावशीने सगळं सांगितलं, कॅसेट, कोपर, पंजा. उभ्याउभ्या, एका दमात, वाहनतळावर. 

शॉना म्हणाली, "मला माहीत होतं, मावशी."

"कधीपासून?"

"कॉलेजात पहिल्याच महिन्यात. तिथल्या कोचने सांगितलं. तोवर उशीर झाला होता. नसेलही झाला. डॉक्टर म्हणाले, खांदा शंभर कारणांनी जातो. मी लहानपणी फार खेळले, मधे विश्रांती नाही, तेही असेल. कुणाला कळणार?"

"मग मला सांगितलं का नाहीस? पाच वर्षं झाली."

शॉनाने खांदे उडवले. उजवा जरा कमी उडाला. "नाताळात तुझ्याकडे आले होते, सांगायलाच. तू घरामागे होतीस. टेनली नऊ-दहा वर्षांची असेल. तू तिला फोन उचलायला शिकवत होतीस आणि दोघी हसत होतात. मी पुडिंग ठेवलं आणि गेले."

मावशी गाडीत जाऊन बसली. किल्ली न फिरवता तिला असं नुसतं बसलेलं मी पहिल्यांदाच बघितलं. मग आम्ही घरी आलो. फाटकाशी म्हणाली, "त्या पुडिंगचं भांडं अजून माझ्याकडे आहे."

दुसऱ्या सकाळी तिने टेनलीला सांगितलं. आता पेच उलटा पडला. टेनलीच ऐकेना.

"मी जूनमध्ये म्हणत होते तेव्हा नाही म्हणालीस."

"चुकलं माझं."

"आता चार आठवडे राहिलेत. आता मी काय करू? गॅसच्या टाकीला मारू?"

"हो, मार."

"आणि सगळे हसतील."

"हसतील."

ड्वेन संध्याकाळी आला. त्याला कुणीतरी सांगितलं होतं. तो ओसरीच्या पायरीवर एक पाय ठेवून उभा राहिला, जसा बसच्या दारात उभा राहतो.

"आत्या, मेळा होऊ दे. मग तिचा हात बदल, पाय बदल, वाटलं तर डोकं बदल. चार आठवडे थांब."

"चार आठवड्यांत किती चेंडू होतात, ड्वेन?"

"मला काय माहीत?"

"दोन हजार. मी मोजलेत. ती वाटाण्याची पिशवी दंडाला धरते, न्हाणीघरात. मला कळत नाही, असं तिला वाटतं. मला कळत होतं."

हे ऐकून टेनलीने मान वर केली. मीही. मावशीला माहीत होतं आणि तरी ती जुलैभर ओरडत राहिली. हे तिने आम्हा तिघांसमोर सांगितलं, आवाज न चढवता. ड्वेन टोपी काढून डोकं खाजवत राहिला.

"आणि आपण हरलो तर?"

"हरू."

"तुला सोपं आहे. मला त्या सगळ्या आयांना तोंड द्यायचंय."

"त्यांना माझ्याकडे पाठव. त्यांतल्या नऊ जणींना मीच शिकवलंय. मला त्यांना तसंही काहीतरी सांगायचंय."

टेनली त्या दिवशी उठून आत निघून गेली. तिसऱ्या दिवशी तिला उजव्या हाताने केस बांधता येईनात. मग ती म्हणाली, "बरं."

शिकवायचं कसं, हा प्रश्न होता. मावशीला आता स्वतःच्या शब्दांची भीती बसली होती. "मी काही सांगणार नाही," ती म्हणाली. "सांगितलं की घोटाळा होतो." पहिला आठवडा चेंडू नाहीच, हाताला विश्रांती. मग ती आम्हाला नदीवर घेऊन गेली. किआमिची नदी ऑगस्टमध्ये आटते, पण वळणावर एक डोह राहतो. मावशीने चपटा दगड उचलला आणि कमरेखालून पाण्यावर फेकला. दगड सहा टप्पे घेत गेला. टेनलीने फेकला. चार. मग पुन्हा. दगड फेकताना कुणी हात कानाला नेत नाही. पंजा आपोआप आत वळतो. मावशी काठावर येरझारा घालत होती, दोन्ही हात काखेत दाबून, तोंड घट्ट मिटून. बोलायचं नाही म्हणून तिने च्युइंगम आणलं होतं. तासाभरात अख्खं पाकीट संपलं.

दुसऱ्या आठवड्यात चेंडू हातात आला. टेनली डोळे मिटून दहा फुटांवरून फेकायची. मग वीस. मग त्रेचाळीस, डोळे उघडे, आणि सगळं बिघडायचं. अंतर वाढलं की जुना हात परत यायचा. चांगले तीन, मग एक कानाकडे. ती पाय आपटायची. एकदा तिने मिट कुंपणापलीकडे फेकून दिला आणि पुरता अर्धा तास कोठाराच्या छपरावर जाऊन बसली. मावशी खाली फिरत होती, वर न बघता. मी मध्ये उभी. कुणालाच जेवायला जावंसं वाटत नव्हतं.

मेळ्याच्या शनिवारी दुपारी पहिला सामना. मी स्कोअर लिहीत होते, खेळाडूंच्या बाकावर. मावशी कुंपणाबाहेर.

पहिल्या डावात टेनलीने दोघींना बाद केलं आणि दोघींना चार-चार वाईट चेंडू टाकून फुकट पहिल्या बेसवर पाठवलं. दुसऱ्यात तिघींना फुकट. एक चेंडू पंचाच्या छातीला लागला. समोरच्या बाजूने हाका सुरू झाल्या. "काय गं निटा क्रीक, फोन कट झाला?" "रेंज नाही वाटतं." आमच्या बाजूच्या आयाही कुजबुजायला लागल्या. मावशी कुंपणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होती. जाताना लोक पाय आवरून घेत.

तिसऱ्या डावात आम्ही एका धावेने मागे. त्यांच्या दोघी बाद, तिन्ही बेसवर धावायला टपलेल्या मुली. बॅटरला तीन वाईट चेंडू आणि दोन स्ट्राइक, म्हणजे हुकलेले चांगले चेंडू, झालेले; तिसऱ्या स्ट्राइकला बाद. पुढच्या चेंडूवर काय ते ठरणार. ड्वेनने वेळ मागितला आणि पट्टीकडे गेला. तो हळू बोलत होता, पण ड्वेनचं हळू आम्हाला बाकावर ऐकू येतं.

"एकच टाक. जुना. एकाने काही मरत नाहीस."

टेनलीने कुंपणाकडे बघितलं. मावशी थांबली होती. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मावशीने ना मान हलवली, ना हात.

टेनलीने हात फिरवला. चेंडू सुटला. हात कानाला गेला.

स्ट्राइक. बॅटर बाद.

आमची बाजू उठून उभी राहिली. हॉर्न वाजले. मुली टेनलीच्या अंगावर पडल्या. ड्वेनने टोपी आकाशात फेकली. टेनली बाकावर आली आणि माझ्या शेजारी बसली. तिने उजवा दंड डाव्या हाताने धरला होता, घट्ट.

"दुखला?" मी विचारलं.

"नाही. म्हणजे हो. पण ते नाही." ती गुडघा हलवत होती. "फार सोपं गेलं, रेना. आता मी तेच करणार. मला माहीत आहे."

आमचा फलंदाजीचा डाव संपला. मुली मैदानात जायला उठल्या. टेनली उठली, आणि ड्वेनकडे गेली.

"मला काढ."

"काय?"

"मला ठेवलंस तर मी तेच टाकीन. जिंकलो तरी तेच टाकीन. मला काढ, काका."

ड्वेनने कुंपणाकडे बघितलं, जणू हे मावशीने शिकवून पाठवलंय. पण मावशी तिथे नव्हती. ती शेवटच्या स्ट्राइकनंतरच निघून गेली होती, कुठे ते कुणालाच माहीत नव्हतं. ड्वेन एक शिवी पुटपुटला आणि दुसऱ्या मुलीला हाक मारली. ती बिचारी आधीच रडायच्या बेतात होती. आम्ही नऊ धावांनी हरलो.

संध्याकाळी टेनलीने आजीला स्वतः सांगितलं. आम्ही गाडीच्या मागच्या फळीवर तळलेल्या पावावरचे टॅको खात होतो. मावशी उभी.

"मी जुना टाकला."

"बघितला."

"चांगला वाटला."

"वाटणारच. मी सात वर्षं घासून बसवलाय तो."

"रागावलीस?"

"तुझ्यावर नाही." तिने फळीवरचे पावाचे कण झटकले. "तू माझ्याकडे बघितलंस ना, तेव्हा मलाही वाटलं, टाक. जुना टाक आणि जिंक. म्हणून मी गेले तिथून."

टेनलीने टॅकोचा शेवटचा घास संपवला. मग कागद चुरगाळला आणि म्हणाली, "उद्या आठ वाजता हरलेल्यांचा सामना आहे. ड्वेनकाकाला सांग मी टाकणार. पण कुंपणाशी कुणी ओळखीचं नको."

"मी पण नको?"

"तू तर नकोच."

रविवारी सकाळी दव होतं. फारसं कुणी आलं नव्हतं. टेनली पट्टीवर उभी राहिली. पहिला चेंडू जमिनीला लागला. दुसरा उंच. तिसऱ्याला मिटचा तो दुसरा आवाज आला. मी वहीत खूण केली. मग पुन्हा उंच. ड्वेन दोन्ही हात खिशात घालून, ओठ चावत उभा होता. त्याने एकदाही वेळ मागितला नाही.

त्या डावात तिने चौघींना फुकट पाठवलं, एक धाव दिली आणि तिघींना बाद केलं. डाव संपल्यावर मी वही बंद करून मागे गेले. मावशी वाहनतळावर होती, शेवटच्या रांगेत. तिथून मैदान दिसत नाही. ती दोन ट्रकांच्या मध्ये इकडून तिकडे चालत होती.

"कानाकडे गेला?" तिने विचारलं.

"नाही."

"एकदाही?"

"एकतीस चेंडू. एकदाही नाही."

"स्कोअर सांगू नकोस," ती म्हणाली, आणि वळून पुन्हा चालायला लागली. "जा तू. अजून सहा डाव आहेत."